कॅम बदलल्यावर ठकठक येतेय? आधी स्टार्टर मारणं थांबवा, मग रॉकर मोजा

दादा, तुम्ही लिहिलंय ते नीट दोनदा वाचलं. २०१२ ची डिझायर डिझेल, दोन लाख दहा हजार फिरलेली, सकाळी चालू करताना चेन खळखळायची म्हणून कळव्याला गॅरेजमध्ये चेन किट टाकायला दिली, वरचं उघडल्यावर कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) जर्नलवर, म्हणजे तो ज्यावर टेकून फिरतो त्या भागावर, रेघा दिसल्या म्हणून मिस्त्रीने जुना पण चांगला कॅमचा सेट आणून बसवला आणि पहिल्याच स्टार्टला ठकठक सुरू. दोनदा परत चालू करून बघितली, आता गाडी थरथरतेय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, आणि मिस्त्री म्हणतो हायड्रॉलिक टॅपेट आहेत, पन्नास किलोमीटर चालवा आवाज बसेल, नाहीच बसला तर हाफ इंजिन टाकू, म्हणजे इंजिनाचा मुख्य भागच बदलू. तुमचा प्रश्न असा की आवाज बसेल का, आणि खरंच हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) गेलंय का हे कसं कळणार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. नाही बसणार, आणि कृपा करून आता एकदाही स्टार्टर मारू नका. धक्का मारून तर अजिबात नको. मी तुर्भ्याला २२ वर्षं हेच काम करतोय, यातली निम्मी वर्षं तरी या १२४८ सीसीच्या इंजिनावरच गेली, कारण नवी मुंबईत टूरवर चालणाऱ्या गाड्यांत हेच इंजिन भरलेलं होतं. कॅमचं काम झाल्यावर बिघडलेली जी इंजिनं माझ्याकडे आली त्यातली बरीचशी पहिल्या स्टार्टला थोडीच बिघडली होती, त्यानंतरच्या "बघू बसतो का आवाज" मध्ये पूर्ण गेली.

मिस्त्रीचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, ते कुठून येतं ते सांगतो. या इंजिनात सोळा व्हॉल्व्ह, प्रत्येकावर एक रोलरवाला रॉकर, त्या रॉकरचं एक टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर आणि दुसरं टोक हायड्रॉलिक अ‍ॅडजस्टरवर, म्हणजे ऑइलच्या दाबाने फट भरून काढणाऱ्या भागावर; मिस्त्री ज्याला टॅपेट म्हणतो तो हाच. इंजिन खोललं की अ‍ॅडजस्टरमधलं ऑइल कमी होतं, हवा शिरते आणि पहिल्यांदा चालू केल्यावर टिकटिक येते. पण ती टिकटिक बारीक असते, शिवणयंत्रासारखी, ऑइल प्रेशर भरलं की काही सेकंदांत नाहीतर काही मिनिटांत विरून जाते. आणि मुख्य म्हणजे हवा भरलेल्या अ‍ॅडजस्टरने सिलिंडर मरत नाही. व्हॉल्व्ह थोडा कमी उघडेल, आवाज करेल, पण बंद होताना पूर्ण बंद होईल. तुमची गाडी थरथरतेय आणि पांढरा धूर सोडतेय म्हणजे एका तरी सिलिंडरमध्ये डिझेल पडतंय पण पेटत नाहीये, कारण तिथे कॉम्प्रेशन नाही, हवा दाबलीच जात नाही. तेच न जळलेलं डिझेल पांढरं होऊन मागून निघतं, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्येही जातं. डिपस्टिक काढून बघा, ऑइलची पातळी वर सरकलेली असेल आणि बोटाला डिझेलचा वास येत असेल तर ते ऑइल आता वंगणाच्या कामाचं राहिलं नाही, चालू न करण्याचं हे अजून एक कारण.

आता काय काय झालं असू शकतं ते समजून घ्या, म्हणजे गॅरेजमध्ये उभं राहून काय विचारायचं ते कळेल.

हे इंजिन असं आहे की टायमिंग, म्हणजे खालच्या क्रँकचा (पिस्टन हलवणाऱ्या दांड्याचा) आणि वरच्या कॅमचा मेळ, चुकलं की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भेटतात. डिझेलमध्ये पिस्टन वर आला की हेडपर्यंत जागा अगदी थोडी उरते, व्हॉल्व्ह सरळ उभे, आणि पिस्टनचा माथा त्यांच्याबरोबर समोर. चेन एका कॅमला फिरवते, दुसरा कॅम पहिल्याला गिअरने जोडलेला. बसवताना चेन एक दात इकडेतिकडे झाली तर ती चूक छोटी वाटते पण हिशोब करून बघा, समजा स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चाकाला) ४० दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, आणि कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो म्हणून क्रँकचे १८ अंश. एवढ्यात पिस्टन व्हॉल्व्हला टेकू शकतो. टेकला की बहुतेक वेळा आधी रॉकर तुटतो, तो पातळ असतो, फ्यूज उडावा तसा उडतो आणि नशीब चांगलं असेल तर व्हॉल्व्ह वाचतो.

पण टायमिंग एकदम बरोबर असूनही हाच प्रकार होऊ शकतो, आणि माझ्या अनुभवात कॅमच्या कामानंतर हे जास्त होतं. दोन्ही कॅम वरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरमध्ये असतात. ते अख्खं कव्हर हेडवर ठेवायचं आणि खाली सोळा रॉकर आपापल्या जागी बसलेले असले पाहिजेत, वरून काही दिसत नाही. कव्हर टेकवताना एखादा रॉकर व्हॉल्व्हच्या टोकावरून कलंडला, घाईत बोल्ट एका बाजूने ओढले, की तो तिरका अडकतो. मग एकतर तो व्हॉल्व्ह कायम थोडा उघडा धरून ठेवतो, नाहीतर पहिल्या फेरीत सटकून पडतो आणि कॅमखाली चिरडला जातो. ठकठक तिथून येते.

तिसरं कारण अ‍ॅडजस्टरचंच, पण उलट बाजूने. नवे अ‍ॅडजस्टर ऑइलने ठासून भरून बसवले आणि लगेच कॅम आवळून स्टार्टर मारला तर ते दबायला वेळच मिळत नाही, व्हॉल्व्ह उघडे राहतात. म्हणून कव्हर आवळल्यावर निदान अर्धा तास तरी इंजिनाला हात लावायचा नाही. चहा घ्या, दुसरं काम करा.

तुम्ही नेटवर वाचलेल्या कॅम ब्रेक-इनबद्दलही विचारलंय, की २००० आरपीएमला वीस मिनिटं चालवली नाही म्हणून कॅम खाल्ला गेला का. ते जुन्या अमेरिकन व्ही-८ सारख्या फ्लॅट टॅपेटवाल्या इंजिनांचं आहे, तिथे कॅमचा उंचवटा टॅपेटच्या सपाट तळव्यावर घासत फिरतो, म्हणून नवीन कॅम टाकल्यावर लगेच वीसेक मिनिटं २००० ते २५०० वर ठेवतात, नाहीतर उंचवटा झिजून गोल होतो. तुमच्याकडे रॉकरला रोलर आहे, कॅम त्यावर गडगडत जातो. ते कारण डोक्यातून काढून टाका.

आता तपासणी. हीच खरी गोष्ट आहे, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की हेड उतरवायच्या आधी हवेची चाचणी, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा सोडून ती कुठून निसटते ते बघणं, दोनदा करा, एकदा कॅम बसलेले असताना आणि एकदा कॅमचं कव्हर काढून. या दोन चाचण्यांच्या मधल्या फरकात तुमचं सगळं उत्तर आहे. हाफ इंजिनचा निर्णय त्याच्या आधी कोणी सांगत असेल तर तो अंदाज आहे, आणि अंदाजाचे पैसे तुम्ही भरणार आहात.

सुरुवातीला मिस्त्रीला शांतपणे विचारा की टायमिंग कशावर जुळवलं. या इंजिनाला लॉकिंग पिना येतात, एक फ्लायव्हीलच्या बाजूला क्रँकसाठी आणि दोन वर कॅमसाठी. पिना लावल्या असं म्हणाला तर चांगलंच, व्हाइटनरने खुणा करून जुळवलं म्हणाला तर जुन्या चेनच्या खुणा आता बसवलेल्या कॅमला लागू पडतीलच असं नाही, कॅम दुसऱ्या गाडीचा आहे. भांडू नका, फक्त उत्तर लक्षात ठेवा. स्कॅनर लावून कोड बघा, इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन करून. पी ००१६ साठवलेला असेल तर क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचं कॉम्प्युटरनेच नोंदवून ठेवलंय. कोड नाही म्हणून टायमिंग बरोबरच असं मात्र धरू नका.

मग चारही ग्लो प्लग (थंड इंजिन पेटायला सिलिंडर गरम करणारे प्लग) काढायचे. हे काम घाईचं नाही, जुने प्लग हेडमध्ये जाम होतात आणि जोर दिला की तुटतात, मग तुटलेला तुकडा काढायचा वेगळा खर्च. आदल्या रात्री जाम सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी थोडं सैल थोडं घट्ट असं करत काढा. प्लग निघाले की क्रँकच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून इंजिन हाताने फिरवा, फक्त त्याच्या नेहमीच्या दिशेने. उलटं कधीच फिरवू नका, चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, बंद इंजिनात तो ढिला असतो आणि उलटं फिरवलं की चेन सैल बाजूने दात सोडू शकते. क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या म्हणजे कॅमची एक. फिरवताना हाताला काय लागतं तिकडे लक्ष द्या. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमुळे जड-हलकं, जड-हलकं असं लाटेसारखं जाणवतं, ते बरोबर आहे. पण एका ठिकाणी धातूला धातू लागून टक्क करून अडलं तर तिथेच थांबा. अजून जोर लावायचा नाही. तुम्ही व्हॉल्व्ह पिस्टनवर दाबताय.

दोन फेऱ्या झाल्या की पिना लावून बघा. तिन्ही सहज गेल्या तर टायमिंग बरोबर, दोष रॉकरचा नाहीतर व्हॉल्व्हचा. एखादी पिन अर्ध्या मिलिमीटरने का होईना अडतेय तर चेन चुकलीय.

आता पहिली हवा. ग्लो प्लगच्या भोकात बसणारा अ‍ॅडॅप्टर लावा, ज्या सिलिंडरची चाचणी त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणा, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक, चाकाला उटी, आणि कॉम्प्रेसरची हवा चार-पाच बारवर सोडा. मग ऐका. एअर फिल्टरच्या पाइपला कान लावला आणि सुऽऽ आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह बंद होत नाहीये. सायलेन्सरच्या टोकाशी आला तर एक्झॉस्ट. ऑइल भरायच्या तोंडाशी थोडी फुसफुस सगळ्याच इंजिनांत येते, रिंगांमधून थोडी हवा जातेच, तिला घाबरू नका. कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला चीर. १-३-४-२ हा फायरिंगचा (सिलिंडर पेटण्याचा) क्रम धरून चारही सिलिंडर करा आणि कागदावर लिहा. चारही सिलिंडर व्हॉल्व्हमधून हवा सोडत असतील तर चारही एकदम खराब होणं अवघड आहे, टायमिंग चुकलंय असं समजा. एकच सोडत असेल तर त्या सिलिंडरपुरता मामला आहे.

कॉम्प्रेशन गेजने करूया म्हणून मिस्त्री म्हणेल. चांगलं डिझेल इंजिन साधारण २५ ते ३० बार दाखवतं आणि मेलेलं सिलिंडर लगेच ओळखू येतं, पण गेजसाठी स्टार्टर मारावा लागतो, आणि आत रॉकरचा तुकडा पडला असेल तर तो फिरून दुसरं काहीतरी तोडतो. म्हणून आत्ता हवाच.

यानंतर चेन सोडवून कॅमचं कव्हर उचला, आणि इथे तुम्ही स्वतः गाडीजवळ उभे राहा. मी अंड्याचा रिकामा ट्रे ठेवतो, प्रत्येक रॉकर त्याच्या अ‍ॅडजस्टरसकट ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने खळग्यात. सोळा पूर्ण रॉकर भरले पाहिजेत. तुटलेला असेल तर तुकडे जोडून बघा, अख्खा रॉकर तयार होतो का. रोलरच्या आत सुईसारख्या बारीक रोलर असतात, त्याही मोजाव्या लागतात. मागे कामोठ्याची एक गाडी आली होती, दुसऱ्या गॅरेजमध्ये रॉकर बदलून दिला होता आणि दोन आठवड्यांनी परत तोच आवाज. आम्ही ट्रेमध्ये मांडलं तेव्हा नवीन रॉकर धरून सोळा बरोबर होते, पण गाडीवाल्याने पिशवीत जुना तुटलेला रॉकर जपून ठेवला होता, तो जोडला तर नखाएवढा तुकडा कमी. इंजिनाच्या तळाचं ऑइल चेंबर उतरवलं, मॅग्नेट फिरवला, तेव्हा तो चेनच्या कव्हरच्या तळाशी सिलिकॉनच्या (सांधे बंद करायच्या लेपाच्या) लोंबत्या पट्टीत रुतलेला सापडला, कडा घासून गुळगुळीत झालेली. चेन प्रत्येक फेरीत त्याच्या बाजूने जात होती. तुमच्याही गाडीत एक जरी रॉकर तुटलेला निघाला तर चेंबर उतरवल्याशिवाय इंजिन बांधू देऊ नका, आणि स्ट्रेनरची, म्हणजे ऑइल गाळणारी, जाळी बघा, जास्तीचं सिलिकॉन तिथेच जाऊन बसतं आणि मग वर कॅमला ऑइल मिळत नाही.

ट्रे भरला की एक सरळ धारेची पट्टी घ्या, स्टीलची फूटपट्टी चालेल, ती एका रांगेतल्या व्हॉल्व्हच्या टोकांवर ठेवा आणि मागून टॉर्च मारा. सगळी टोकं एका पातळीत हवीत. एखाद्या टोकावर पट्टीखालून उजेड दिसला तर तो व्हॉल्व्ह खाली लटकलाय, वाकल्यामुळे वर येऊन सीटवर (हेडमधल्या टेकायच्या कडेवर) बसत नाहीये. हा उजेड एकदा बघितला की विसरत नाही. पातळसा असतो, फीलर गेजचं (फट मोजायच्या पट्ट्यांचं) पान जेमतेम जाईल एवढा.

आणि आता दुसरी हवा, त्याच सिलिंडरला, कॅमशिवाय. आता व्हॉल्व्हला खाली दाबणारं वर काहीच नाही, स्प्रिंगने सगळे बंद व्हायलाच हवेत. आधी सुऽऽ करणारं सिलिंडर आता शांत झालं तर व्हॉल्व्ह वाचलेत, दोष तिरक्या रॉकरचा, फुगलेल्या अ‍ॅडजस्टरचा किंवा चेनचा होता. हेड उतरवायची गरज नाही. रॉकर बदला, अ‍ॅडजस्टर अंगठ्याने दाबून बघा, जो स्पंजासारखा दबतो तो फेकून द्या, नवीन चेन परत पिनांवर बांधा. पण कॅम नसतानाही हवा तिथूनच जात असेल तर व्हॉल्व्ह वाकलाय, मग हेड उतरवावंच लागेल, मिस्त्री तसं म्हणाला तर तो चुकत नाही.

हेड उतरलं तरी ते हेड गेलं असं नाही. पिस्टनच्या माथ्यावर काजळीत चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण दिसेल, व्हॉल्व्ह जिथे टेकला तिथे. नुसती खूण असेल तर पिस्टन चालतो, बोटाने खड्डा किंवा चीर जाणवली तर नाही. चारही पिस्टन आळीपाळीने वर आणून त्यांची उंची मोजून घ्या, एखादा खाली राहत असेल तर कनेक्टिंग रॉडकडे बघावं लागेल. हेड कुशीवर, पोर्ट (हवा जाण्या-येण्याची भोकं) वर येतील असं ठेवून पोर्टमध्ये रॉकेल ओता, जिथून पाझरतं फक्त तेवढेच व्हॉल्व्ह काढा आणि त्याच सिलिंडरचे बाकीचेही तपासा. वाकलेला व्हॉल्व्ह निघाला तर त्याची गाईडसुद्धा (दांडा ज्या नळीत सरकतो ती) बघायची, व्हॉल्व्ह वाकताना गाईडला कडेने मार बसतो. वागळे इस्टेटला हेडची कामं करणारे चांगले लोक आहेत, तिथे सीट कटिंग आणि लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून घट्ट बसवणं) करून घ्या, पण फेस उगाच मारू देऊ नका, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करू देऊ नका. हेडचा जेवढा थर जातो तेवढे व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, आणि या इंजिनात तिथे जागाच नाही. पट्टी लावून हेड खरंच वाकलंय असं दिसलं तरच. हेडचे बोल्ट नवीन घ्या, ते एकदा ताणून आवळलेले असतात. गॅस्केट जुन्याच्या जाडीची.

जुन्या कॅमबद्दल पण सांगतो, तुम्ही त्याच्यावर फार संशय घेतलाय. सेकंडहँड कॅम टाकणं हा गुन्हा नाही, तो मोजून टाकला पाहिजे. प्रत्येक उंचवट्याची उंची मायक्रोमीटरने, मग व्ही आकाराच्या ठोकळ्यांवर ठेवून डायल गेजने कॅम वाकलाय का ते. मला खरी चिंता कव्हरची आहे. तुमच्या जर्नलवर रेघा होत्या म्हणजे कॅम ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात फिरतो तिथेही रेघा असणार, तिथे वेगळं बेअरिंग नाही. फक्त कॅम बदलून कव्हर तेच ठेवलं असेल तर ऑइल त्या रेघांतून निसटतं. नखाला अडणाऱ्या रेघा असतील तर कव्हर आणि कॅम जोडीनेच बदला.

बांधून झाल्यावर पहिला स्टार्ट असा करायला लावा. चावी बंद असताना इंजेक्टरचे कनेक्टर काढा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं क्रँक करा, मधे स्टार्टरला विश्रांती द्या, मग कनेक्टर लावून चालू करा. क्रँक करताना कान द्या, घर्र-घर्र-घर्र-घर्र असे चारही ठोके सारखे यायला हवेत. तीन ठोके आणि चौथ्याला मोकळं सुंय्य असं पळालं तर चालू करू नका, सिलिंडर अजून मेलेलंच आहे. इंजिन चालू असताना इंजेक्टरचे कनेक्टर हाताने कोणालाही ओढू देऊ नका, त्या तारांत तेव्हा शॉक बसण्याएवढा विजेचा दाब असतो, एकेक सिलिंडर बंद करून बघायचं असेल तर स्कॅनरवरून. चालू झाल्यावर बारीक टिकटिक राहिली तर मोबाइलवर रेकॉर्ड करून हळू वेगाने ऐका. ८५० आरपीएमला एका व्हॉल्व्हची टिक सेकंदाला सात वेळा येते, कारण कॅम निम्म्या वेगाने फिरतो. चौदा वेळा येत असेल तर आवाज खालचा आहे, क्रँकच्या बाजूचा.

गाडी सध्या कळव्यातच आहे तर तिथेच राहू दे, दुसरीकडे न्यायची झाली तर फ्लॅटबेडवर न्या, दोरीने ओढत नाही. मिस्त्रीला आज फोन करून एवढंच सांगा की काही उघडू नका, मी आल्यावर उघडायचं, आणि जाताना अंड्याचा ट्रे घेऊन जा. तुमच्या गाडीचा मूळ कॅम, जुनी चेन, जुने रॉकर त्याने फेकले नसतील तर ते पण मागून घ्या. दोन्ही हवेच्या चाचणीत कुठल्या सिलिंडरला कुठून आवाज आला ते लिहून कळवा, आणि पट्टीखालचा फोटो टॉर्च लावून काढा, मग हेडचं काय करायचं ते नक्की सांगतो.